एकोणिसावं नाव

शाळा पुन्हा सुरू करायची असं ठरलं तेव्हा मी कामांची यादी केली. ती अजून माझ्याकडे आहे. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, सत्तावीस कामं. टाकी धुणे, बाकांवर नावं चिकटवणे, साबण कुठे ठेवायचा, पाण्याला कोणता वर्ग कधी जाईल, एखाद्या मुलीला खोकला आला तर तिला कोणत्या खोलीत बसवायचं. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि शेवटी बरोबरची खूण. सत्तावीसही कामांपुढे खुणा आहेत. अठ्ठाविसावं काम मला सुचलंच नाही. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी आडेभाऊ.

आडेभाऊ आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. मी तिथे पर्यवेक्षिका. शाळा पांढरकवड्याच्या पुढे, हैदराबादच्या हायवेला लागून आहे. भरलेला ट्रक जोरात गेला की प्रयोगशाळेतल्या काचा किणकिणतात. म्हणजे पूर्वी किणकिणायच्या. भाऊंनी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच वर्षी त्याचा बंदोबस्त केला होता. प्रत्येक परीक्षानळी, प्रत्येक चंचुपात्र कापसात बसवलेलं. कापूस त्यांच्या स्वतःच्या वावरातला. मेडिकलमधला पांढराशुभ्र कापूस त्यांना चालत नसे. "तो गुळगुळीत राह्यते मॅडम. त्याले पकड नाही."

हायवेच्या पलीकडे त्यांचा तांडा. तिथून सायकलने येत. अंगाने किडकिडीत, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना सुतळी बांधून ती मानेमागे घेतलेली. शर्टाच्या खिशात खडू, दोऱ्याची गुंडी आणि कापसाचा बोळा. सव्वीस वर्षांत हा खिसा बदलला नाही, शर्ट बदलले.

त्यांचं एक वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ होतं. "मोजल्याशिवाय बोलाचं नाही." एखादा मुलगा म्हणाला, भाऊ, पाणी लय गरम झालं, की भाऊ म्हणत, "किती?" मुलगा म्हणे, लय. "लय म्हंजे किती? मोज. मोजल्याशिवाय बोलाचं नाही." स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, आज फार उकडतं, तरी तेच. त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही त्यांच्यासमोर उकाड्याचं नाव काढत नसू.

ते स्वतः दहावीला विज्ञानात दोनदा नापास झाले होते, आणि हे मुलांना अभिमानाने सांगत. "मी तीनदा बसलो. म्हणून मले तुमच्यापेक्षा तिप्पट येते." पण एकदा कपाट लावताना मला त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेत दहावीला त्यांच्या हातात थर्मामीटर कधी आलाच नाही. सरांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. पेपरात थर्मामीटरवर प्रश्न आला. "मी पारा खालून वर काढाच्या ऐवजी वरून खाली काढला मॅडम. पाह्यलाच नाही तं कसा काढू?" म्हणून आमच्या शाळेतून दहावी झालेल्या प्रत्येक मुलाने थर्मामीटर हातात धरलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. वर्गात एकशेवीस हात असोत की चाळीस. धरून, वाचून, वहीत लिहून.

आकडा चुकला तर रबराने खोडू देत नसत. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, आणि शेजारी नवा लिहायचा. "चूक पुसाची नाही. दिसली पाहिजे." मुलं कंटाळत. वह्या घाण दिसतात म्हणत. भाऊ ऐकत नसत.

एकदा नववीच्या तासाला एका मुलीच्या हातून थर्मामीटर पडला. पारा फरशीभर पसरला आणि मुलं त्या चांदीच्या गोळ्यांमागे धावली. भाऊंनी दार लावलं आणि सगळ्या वर्गाला पाय वर घेऊन बाकांवर मांडी घालून बसवलं. मग कागदाच्या दोन तुकड्यांनी एकेक थेंब गोळा करायला लागले. विज्ञानाचे सर घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "आडेभाऊ, तास संपला."

"तास उद्या बी येते सर. पारा कोणाच्या पायात गेला तं थो निंगत नाही."

पुढचा तासही त्यातच गेला. जिच्या हातून पडला होता ती मुलगी रडत होती. भाऊ फरशीवरूनच तिला म्हणाले, "रडतं काहून पोरी, तुह्याकडून एकच फुटला. माह्याकडून आतापावतर नऊ." ते खरं नव्हतं. शाळेच्या सामानाचं आणि फुटतुटीचं डेडस्टॉक रजिस्टर माझ्याकडे असतं. भाऊंकडून एकही फुटलेला नव्हता. मोजल्याशिवाय ते बोलले असं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

मग तो मार्च आला आणि शाळा बंद झाली. आठ-नऊ महिने. दिवाळीनंतर नववी-दहावीचे वर्ग सुरू करायचे ठरले तेव्हा आमची मीटिंग झाली. एकोणीस जणांचा स्टाफ, सगळे मास्क लावून, ग्राउंडवर खुर्च्या लांब लांब टाकून. मी यादी वाचत होते. सात नंबरचं काम होतं, गेटवर उभं राहून रोज दोनदा, सकाळी आणि दुपारी, सगळ्यांचा ताप आणि ऑक्सिजन मोजणे. कोणी हात वर करेना. त्या वेळी कोणाला दोष द्यावा असं नव्हतं. सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी म्हातारं होतं. मुख्याध्यापक राऊत सरांना स्वतःला शुगर, निवृत्तीला दोन वर्षं. शेवटी तेच म्हणाले, "मी राहतो गेटवर."

"तुमी ऑफिसात बसा सर," मागून आडेभाऊ म्हणाले. "मोजाचं काम माह्यं आहे."

मी सात नंबरपुढे त्यांचं नाव लिहिलं आणि पुढच्या कामाकडे वळले. मनातून सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

ताप मोजायची ती बंदूक आली तेव्हा भाऊंनी ती दोन दिवसांसाठी घरी नेली. स्वतःवर, बायकोवर आणि बैलावर वापरून पाहिली, शेजारी पाऱ्याचा थर्मामीटर ठेवून. तिसऱ्या दिवशी बंदुकीला चिठ्ठी चिकटवलेली होती, "यात ०.८ मिळवा." राऊत सर म्हणाले, "अहो आडे, नवी मशीन आहे."

"नवी आहे म्हणून खरी आहे का सर? बैल बी मान्य करत नाही."

मुलांच्या कपाळावर ती कधी धरली नाही. मनगटावर धरत. "कपाळाले बंदूक लावाची कायले? पोरगं काय चोर आहे?"

गेटच्या आत त्यांनी चुन्याने गोल आखले होते. दोऱ्याला खडू बांधून कंपाससारखे, सगळे अगदी एका मापाचे. मुलांसाठी वेगळे, आणि कडुनिंबाखाली एकोणीस गोल आमच्यासाठी, डबा खायला. पूर्वी स्टाफरूममध्ये एकच मोठं टेबल होतं, सगळे डबे मध्ये. भाऊंच्या डब्यातला ठेचा आणि ज्वारीची भाकर पहिल्या पाच मिनिटांत संपत असे, आणि ते आमच्या पोळ्या खात. आता प्रत्येक जण आपल्या गोलात आपलं तोंड खाली घालून जेवत होता. पहिले दोन-तीन दिवस मी अर्धा डबा तसाच घरी परत नेला.

चौथ्या दिवशी माझ्या पायाशी काहीतरी येऊन पडलं. संत्रं होतं. समोरच्या गोलातून भाऊ म्हणाले, "धराचं होतं ना मॅडम."

"भाऊ, खाण्याची वस्तू द्यायची नाही असं ठरलंय. नियम क्रमांक बारा."

"याले साल आहे," ते म्हणाले. "धुवा, सोला अन् खा. नियमात साल असलेल्याचं काही लिवलं नाही."

खरंच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून संत्री उडायला लागली. एका गोलातून दुसऱ्या गोलात. ज्याच्या घरी होती तो पिशवी आणायचा. राऊत सरांना झेल घेता येत नसे, त्यांच्यासाठी भाऊ जमिनीवरून सरपटत टाकत. हिवाळाभर तेवढंच आमचं एकमेकांना देणं चाललं.

गेडाम मॅडम आमच्यात सगळ्यात लहान, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी गेटवर बंदुकीने त्यांना शंभराच्या वर दाखवलं. त्या जागच्या जागी रडायला लागल्या. घरी सासरे अंथरुणावर होते. मी पळत गेले, हातात फाइल, फाइलमध्ये ताप निघाल्यास काय करायचं त्याची पायऱ्यांची यादी. पहिली पायरी, शाळा लगेच बंद. भाऊंनी हात वर करून मला थांबवलं.

"ताई, कुठून आल्या?"

"ऑटो हायवेलाच सोडून गेला. चालत आले. पळतच."

"बसा सावलीत. पाणी पेऊ नोका अजून." दहा मिनिटांनी त्यांनी धुतलेला पाऱ्याचा थर्मामीटर गेडाम मॅडमना काखेत धरायला लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अर्ध्या तासाने पुन्हा. तेवढाच. "मोजल्याशिवाय बोलाचं नाही," ते मला म्हणाले, "अन् एकदाच मोजून बी बोलाचं नाही." मी फाइल मिटली. त्या दिवशी ते नसते तर मी शाळा बंद करून मोकळी झाले असते.

संक्रांतीच्या आसपास राऊत सरांच्या पत्नीला कोरोना झाला आणि सर घरात अडकले. मी लगेच वेळापत्रक केलं. सरांचे तास कोण घेईल, डबा कोणत्या वारी कोणाकडून जाईल. पोचवायचं काम भाऊंनी मागून घेतलं. डबा सरांच्या फाटकाला अडकवायचा आणि रस्त्यावरून ओरडून रिपोर्ट द्यायचा. "सर, आज हजर एकशे चार, ताप शून्य." खिडकीतून सर विचारायचे, "आडे, मुलं गडबड करतात का?" "करतेत ना सर. काळजी करू नोका." चौदा दिवस रोज. राऊत सर मला नंतर म्हणाले, "मॅडम, दुपारभर मी त्या आरोळीची वाट बघायचो."

मग आली दहावीची प्रात्यक्षिकं. परीक्षा होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विज्ञानाचे सर म्हणत होते, व्हिडिओ पाठवून देऊ. भाऊ ऐकेनात. "मोबाइलमधला बर्फ हाताले थंड लागते का सर?" बर्फ वितळतानाचं तापमान मोजायचं होतं. हा त्यांचा सगळ्यात आवडता प्रयोग. बर्फ पाणी होत असतो आणि तरी पारा शून्यावरून हालत नाही. दरवर्षी ते मुलांना म्हणत, "पाहा, आत सगळं बदलून राह्यलं, पण बाहेर दाखवत नाही." मी दोन गट पाडले. बुधवारी पहिला, गुरुवारी दुसरा.

त्या बुधवारी गेटवर भाऊ नेहमीच्या जागी नव्हते. दहा पावलं लांब, भिंतीशी स्टूल टाकून बसले होते, दोन मास्क लावून. बंदूक गेडाम मॅडमच्या हातात. त्या आकडा सांगत होत्या, भाऊ लिहीत होते. मी विचारलं, हे काय.

"हात दुखून राह्यला मॅडम. आज ताई धरते."

"त्यांना सॅनिटायझरवर ठेवलंय मी. असं परस्पर बदलत जाऊ नका, भाऊ. मला अख्खी यादी बदलावी लागते."

"उद्या नाही करत," ते म्हणाले.

प्रयोगशाळेतही ते आत गेले नाहीत. खिडकीबाहेर उभं राहून विज्ञानाच्या सरांना सांगत होते, कोणाला कितवा थर्मामीटर द्यायचा ते. जेवायला त्यांच्या गोलात बसले नाहीत, विहिरीकडे गेले. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा गोल इकडे आहे." ते म्हणाले, "आज उन्हात बसतो." या सगळ्या गोष्टी मी पाहिल्या. यादी ठेवणाऱ्या माणसाला दिसतं सगळं. फक्त मी त्यांची बेरीज केली नाही.

गुरुवारी सकाळी सातला त्यांचा फोन आला. "मॅडम, माही सुट्टी टाका. ताप आहे. एकशे एक. दुसऱ्या गटाले थांबवा, अन् सगळ्यांची टेस्ट करून घ्या." ती त्यांची त्या वर्षातली पहिली रजा.

शाळा बंद केली. आमच्या सगळ्यांच्या टेस्ट झाल्या, आणि सगळ्या निगेटिव्ह आल्या. भाऊंना यवतमाळला हलवलं. पुढच्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या सगळ्याच शाळा पुन्हा बंद झाल्या.

आता ओरडायची पाळी राऊत सरांची होती. फाटक नव्हतं, फोन होता. रोज सकाळी सर फोन लावून म्हणत, "आडे, स्टाफ एकोणीस, ताप शून्य." भाऊ तिकडून सुधारत, "अठरा सर. मले कायले मोजता." त्यांच्या पत्नी कमलाबाई घरी एकट्या होत्या. आम्ही वार वाटून घेतले. गेडाम मॅडम बैलाच्या चाऱ्याचं बघायच्या. हे काम माझ्या यादीत नव्हतं, त्यांनी स्वतःहून घेतलं.

मी दुपारी फोन करायचे. भाऊ आधी ऑक्सिजनचा आकडा सांगत, मग बोलत. "ब्याण्णव मॅडम." मग, "एकोणनव्वद. पण यायची मशीन मले बरोबर वाटत नाही." एकदा त्यांनी विचारलं, दुसऱ्या गटाने थर्मामीटर धरला का. मी म्हटलं, शाळा बंद आहे भाऊ, उघडली की धरतील. "नावं लिहून ठेवा कोण राह्यलं त्याची," ते म्हणाले. मी म्हटलं, ठेवली आहेत.

नवव्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला नाही. मी विचारलं, "भाऊ, आज किती?"

त्यांना धाप लागलेली ऐकू येत होती. मग म्हणाले, "नाही पाह्यलं मॅडम आज."

मला त्याच वेळी कळलं. दोन दिवसांनी ते गेले. कमलाबाईंना तोंडही नीट पाहता आलं नाही. अंत्यविधी तिकडेच झाला. आम्ही अठरा जण कडुनिंबाखाली आपापल्या गोलात उभे राहिलो. चुना पुसट झाला होता, तरी प्रत्येकाला आपली जागा सापडली.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा ताबा घ्यायला गेले. सगळं कापसात गुंडाळलेलं, वर चिठ्ठ्या. थर्मामीटरच्या पेटीत एक वही होती. पहिल्या पानावर "माह्यं" असं लिहिलेलं, आणि खाली रकाने. सोमवार सकाळ, दुपार, संध्याकाळ. ९८.८. ९९.२. ९९.४. मंगळवार. ९९.४. ९९.६. ९९.८. बुधवारी सकाळी शंभर पॉइंट दोन, शेजारी बारीक अक्षरात, "गेटवर दहा पावलं. खोलीत जाचं नाही." संध्याकाळी एकशे एक. त्याखाली एक ओळ होती, "उद्या दुसरा गट झाला की सांगतो." त्या ओळीवर एकच आडवी रेघ. खालचं वाचता येत होतं. पुढे लिहिलं होतं, "सकाळीच सांगतो."

मी घरी आले आणि गेटचं रजिस्टर काढलं. ते मी स्वतः आखलेलं. प्रत्येक पानावर सगळ्यात वर, "तपासणी करणारे : श्री. आडे." खाली स्टाफची नावं, एक ते अठरा. मोजणाऱ्याचं नाव वर होतं, म्हणून ते खाली नाही हे अडीच महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. रोज त्यावर माझी सही आहे. मोजणाऱ्यालाही मोजणे, हे ते अठ्ठाविसावं काम.

भाऊंनी चूक केली. सोमवारचं जाऊ द्या, पण मंगळवारी त्यांनी यायला नको होतं, आणि बुधवारी तर नाहीच. हे मी झाकणार नाही. त्यांनाही ते चाललं नसतं. पण त्यांना खोटा आकडा लिहिता येत नव्हता. त्या पानावर एकोणिसावी ओळ असती तर सोमवारी दुपारी त्यांनी तिच्यात खरा आकडा लिहिला असता. संध्याकाळी सही करताना मी तो पाहिला असता, आणि त्यांना घरी पाठवलं असतं. तीन दिवस आधी. त्या तीन दिवसांनी काय झालं असतं ते मला माहीत नाही. ते कोणालाच मोजता येणार नाही.

शाळा पुढे उघडली तेव्हा ती मुलं दहावी पास होऊन गेलेली होती. दुसऱ्या गटातल्या बावीस जणांची यादी माझ्याकडे आहे. पैकी सतरा जणांना मी निरोप पाठवून बोलावलं. आले, थर्मामीटर धरला, आकडा वाचला, खूण केली. पाच राहिली आहेत.

त्या बुधवारी शाळा सुटल्यावर मी गेटपाशी उभी होते, उद्याची कामं वाचत. भाऊ सायकल घेऊन निघाले, माझ्यापासून लांबून, कुंपणाच्या कडेने. मी हाक मारून सांगितलं, "भाऊ, उद्या दुसरा गट. बर्फ साडेदहाला." त्यांनी मान हलवली. मग थांबले. पिशवीत हात घालून संत्रं काढलं. मी फाइल बगलेत धरली आणि दोन्ही हात पुढे केले. ते संत्र्याकडे पाहत राहिले, थोडा वेळ. मग त्यांनी ते पुन्हा पिशवीत ठेवलं आणि सायकलवर बसले.

त्याला साल होती. तरी टाकलं नाही. माझे हात तसेच पुढे होते.